‘आम्हाला काही झालं नाही’ म्हटल्यानंतरचं वर्ष

१२ जानेवारी २०२५, रविवार. घोटीला नणंदेच्या मुलीचा साखरपुडा उरकून आम्ही दोघं नाशिकला परत येत होतो. सासूबाईही सोबत येणार होत्या, पण लेकीने त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. त्यामुळे मागच्या सीटवर त्यांच्याऐवजी लाडवांचा स्टीलचा डबा होता. विल्होळीच्या अलीकडे वाहनांची रांग लागली होती. पुढे ट्रक, त्याच्यामागे आम्ही, गाडी उभी. मी मान खाली घालून एका गिऱ्हाइकाला ब्लाउजच्या गळ्याचे फोटो पाठवत होते. तेवढ्यात मागून पिकअप आदळली.

पाठीला सीटने ढकललं आणि डोकं जणू मागेच राहिलं. मग आमची गाडी पुढच्या ट्रकला भिडली, डोकं पुढे गेलं, पट्टा खांद्यात रुतला. लाडवांचा डबा दोन सीटांच्या मधून येऊन गिअरजवळ आपटला. तिथलं प्लास्टिक फुटलं, डब्याला पोचा आला, लाडू पायापाशी. हे सगळं सांगायला जेवढा वेळ लागतो त्याच्या विसाव्या हिश्शात झालं असेल.

पिकअपवाला विशीतला पोरगा होता. मागे रिकामे क्रेट. हात जोडून म्हणाला, “ताई, पोलिसात नको, मालक काढून टाकेल.” नवऱ्याने मला विचारलं, मी मान हलवून पाहिली, हलत होती. “आम्हाला काही झालं नाही,” असं मीच म्हणाले. त्याने पाच हजार देऊ केले, आम्ही ते घेतले नाहीत. नवऱ्याने त्याच्या गाडीचा नंबर, लायसन्स आणि दोन्ही गाड्या लागलेल्या अवस्थेत चार फोटो काढले, तेही एका धाबेवाल्याने बजावलं म्हणून. आम्ही घरी आलो, खिचडी खाल्ली आणि झोपलो.

हे लिहायचं कारण त्या एका वाक्यात आहे. मागच्या वर्षभरात पोलीस, विमा, दवाखाना, कोर्ट सगळीकडे मला एकच प्रश्न विचारला गेला: “मग त्याच दिवशी का नाही आलात?”

सोमवारी भोगी. पहाटे उठून बाजरीची भाकरी थापायला बसले, तर मान परातीकडे वाकेना. डोक्याच्या मागून खांद्यापर्यंत कुणीतरी दोरी पिळून बांधल्यासारखं. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत पट्ट्याएवढा रुंद निळा-जांभळा वळ उठलेला. मी पुढे डावीकडे बसले होते, त्यामुळे तो असा तिरका. अशा धक्क्यात स्नायूंचे आणि अस्थिबंधांचे धागे ताणले जातात, पण सूज आणि आखडणं हळूहळू चढतं. दुसऱ्या दिवशी जास्त दुखणं हे अगदी ठरलेलं, असं डॉक्टर म्हणाले. मला ते आदल्या दिवशी माहीत असतं तर बरं झालं असतं.

खासगी हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मानेआधी पोट तपासलं. पट्ट्याचा वळ दिसला की आतड्याला मार आहे का ते बघावं लागतं, म्हणून सोनोग्राफी. मग मानेचा एक्स-रे. सगळं मिळून ५,२०० रुपये. हाड शाबूत. निदान: व्हिपलॅश, म्हणजे मानेला बसलेला चाबकासारखा झटका. मी काउंटरवर “घरी मान लचकली” असं लिहून घ्या म्हणणार होते, कारण अपघात म्हटलं की कटकट. ड्यूटीवरच्या नर्सबाईंनी मला थांबवलं. “ताई, अपघात आहे तर अपघातच लिहा. एमएलसी होऊ द्या. नंतर बदलता येत नाही.” एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस. हॉस्पिटल नोंद करतं आणि पोलिसांना कळवतं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. नंतर कोर्टात माझ्या बाजूने सगळ्यात भक्कम कागद तोच ठरला.

पोलिसांकडे आम्ही मंगळवारी, संक्रांतीच्या दिवशी गेलो. पहिल्या ठाण्यात सांगितलं, ही हद्द आमची नाही. दुसऱ्या ठाण्यात सांगितलं, पहिल्यांचीच असेल. तिळगूळ मात्र दोन्हीकडे मिळाला. मला तेव्हा माहीत नव्हतं, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्दीचा मुद्दा न काढता कुठल्याही ठाण्यात फिर्याद नोंदवता येते, मग ती योग्य ठाण्याकडे पाठवतात. हे शांतपणे म्हणून दाखवलं असतं तर एक दिवस वाचला असता. बुधवारी दुपारी एफआयआर झाला: भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकार वाहन चालवणं) आणि १२५ (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं). उशीर का झाला याचं कारण फिर्यादीतच लिहून घ्या असा मी आग्रह धरला. “अपघाताच्या वेळी वेदना जाणवली नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी जाणवली.” एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. तिचे फोटो काढून ठेवा, कारण तिची झेरॉक्स मी पुढे चौदा वेळा दिली.

गाडीचं वेगळंच. वर्कशॉपने उत्साहाने मागचा बंपर उघडायला घेतला होता. एफआयआर झाल्यावर कळलं की आधी पोलिसांचा पंचनामा, आरटीओच्या निरीक्षकाची तपासणी आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरची पाहणी, त्यानंतरच पाना लावायचा. नऊ दिवस गाडी तशीच पडून. बिल ५८,६०० झालं. कंपनीने ४१,२०० दिले, १७,४०० आमच्या खिशातून. प्लास्टिकच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापतात, आणि झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, घ्यायला आम्ही कंजूषपणा केला होता. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला. आणखी एक भ्रम तिथेच फुटला. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो उपचाराच्या बिलांसाठी नसतो. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच.

आमच्या वर राहणारे काका ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेत. आधी मिग, नंतर सुखोई, सगळी नोकरी विमानांच्या पोटात गेली. मी मानेला कॉलर लावून गच्चीवर बसले होते, तेव्हा ते तिळाची वडी घेऊन आले आणि विचारलं, “किती जी लागला असेल?” मला वाटलं थट्टा करताहेत. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला गणित केलं. उभी गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्शात ताशी वीस किलोमीटरवर ढकलली गेली असं धरलं, तर साधारण पावणेसहा जी. जी म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या किती पट. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. तेवढ्या क्षणापुरतं माझ्या मानेला ते सत्तावीस-अठ्ठावीस किलोचं झालं.

“पण सुखोईचा पायलट नऊ जी झेलतो ना?” मी विचारलं. ओझरवरून सुखोई उडालं की आमच्याकडे खिडक्या थरथरतात, त्यामुळे एवढं सामान्यज्ञान नाशिककराला असतंच.

काका खूश झाले. पायलटचा जी डोक्याकडून पायाकडे लागतो आणि कित्येक सेकंद टिकतो, म्हणून तिथे प्रश्न रक्ताचा. रक्त जड होऊन पायांत उतरतं, हृदयाला ते मेंदूपर्यंत चढवता येत नाही. आधी रंग फिके पडतात, मग नजर कडांकडून आक्रसते, मग अंधार, मग शुद्ध जाते. सराव नसलेल्या माणसाचं हे चार-पाच जीलाच होतं. पायलट पाय आणि पोट आवळून, ठरावीक लयीत श्वास दाबून रक्त वर धरून ठेवतो, आणि जी-सूट हवा भरून त्याच्या मांड्या आणि पोट दाबतो. “तुझ्या धक्क्यात रक्ताला हलायला वेळच नव्हता. तुझा प्रश्न सांध्यांचा. आणि पायलटला माहीत असतं आता वळायचंय, तो मान आधी टेकवून घट्ट करतो. तू मोबाइल बघत होतीस. तरी त्यांच्याही माना दुखतात बरं. डोक्यावर हेल्मेट, त्याला गुणिले नऊ.”

स्नायू सावध होऊन आवळायलाच सेकंदाचा दहावा हिस्सा जातो, तोवर मानेचं नुकसान होऊन गेलेलं असतं. पुढे फिजिओथेरपिस्टने मणक्यांचा प्लास्टिकचा सांगाडा हातात धरून दाखवलं. सीट छातीला पुढे ढकलते, डोकं जागेवर, मग मानेचा खालचा भाग मागे वाकतो आणि वरचा पुढे. इंग्रजी एस अक्षरासारखा आकार. मान एरवी कधी असा आकार घेत नाही.

काकांनी जॉन स्टॅप यांचीही गोष्ट सांगितली. अमेरिकी हवाई दलातले हे डॉक्टर १० डिसेंबर १९५४ ला रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर स्वतः बसले, ताशी हजार किलोमीटरच्या वर गेले आणि १.४ सेकंदांत थांबले. ४६.२ जी. काही काळ डोळ्यांना दिसेना, पण वाचले, कारण सगळं अंग पट्ट्यांनी घट्ट बांधलेलं होतं आणि जोर समोरून-मागून लागला, डोक्याकडून पायाकडे नाही. पुढे ते मोटारीतल्या सीटबेल्टसाठी झगडत राहिले. काकांनी जाता जाता लाडवांच्या डब्याकडे बघून एवढंच म्हटलं, “मागच्या सीटवरच्या माणसानेही पट्टा लावायचा असतो.” त्या रात्री मला सासूबाईंच्या जागेचा विचार करून झोप आली नाही.

आता हेडरेस्टबद्दल, म्हणजे सीटवरची डोक्यामागची उशी. आमच्या गाडीत तो नेहमी सगळ्यात खाली दाबलेला, कारण वर केला की मागच्याला पुढचं दिसत नाही अशी तक्रार. त्याची वरची कडा डोक्याच्या टोकाशी, निदान कानांच्या वर यायला हवी, आणि डोक्यामागे चार बोटांहून जास्त फट नको. तो मान टेकून झोपायला नसतो. गाडी घेतल्यापासून सहा वर्षांत त्याचं बटण कुठे आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं.

कॉलर (४५० रुपये) मी पंधरा दिवस लावणार होते. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी चौथ्या दिवशी काढायला लावली. हल्ली लवकर हलवण्यावर भर असतो; बांधून ठेवली तर मान आणखी आखडते. फिजिओचे बारा वेळा, प्रत्येकी ४००. हनुवटी सरळ मागे ओढायची, जशी कुणी नाकाला हात लावायला आल्यावर आपण ओढतो तशी, पाच मोजायचे, सोडायचं. दिसायला फालतू व्यायाम. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं.

मग २१ जानेवारी. रात्री उजव्या कुशीवर वळले आणि पंखा फिरायला लागला. पंखा बंद होता. छत, कपाट, नवरा, सगळं गरगरत एका बाजूला वाहत होतं. पलंगाची कडा दोन्ही हातांनी धरली. अर्ध्या मिनिटात थांबलं. पुन्हा वळले, पुन्हा सुरू. सकाळी उलट्या. मला वाटलं मेंदूत रक्त साकळलंय. एमआरआय झाला, ६,५०० रुपये, काही निघालं नाही. चक्कर थांबायच्या गोळ्या दोन आठवडे घेतल्या, त्याने नुसती झोप येत होती. शिवणकाम बंदच होतं, कारण सुईत दोरा ओवायला मान खाली केली की जग फिरायचं. लग्नसराईत ३८ ब्लाउज आणि दोन घागरे परत पाठवले. वहीत एकेक नाव खोडताना जी चिडचिड झाली ती कशी लिहू.

७ फेब्रुवारीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “कुशीवर वळताना होतं? आणि मिनिटाच्या आत थांबतं?” मग कानाच्या आतलं समजावलं. आपल्या कानात कॅल्शिअमचे बारीक खडे एका चिकट गादीवर बसलेले असतात. आपण पुढे सरकलो, लिफ्ट वर निघाली, गाडीने वेग घेतला, हे मेंदूला त्या खड्यांच्या सरकण्यावरून कळतं. म्हणजे वेग वाढला-घटला हे मोजायचं यंत्र शरीरातच आहे, आणि जोराचा धक्का बसला की त्याच यंत्राचे खडे सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत पडतात. नळी डोक्याचं वळणं मोजते. तिच्यात खडे घरंगळले की डोकं स्थिर असूनही मेंदूला वाटतं आपण फिरतोय. मला हे ऐकून भीतीपेक्षा आश्चर्य जास्त वाटलं.

त्यांनी आधी मानेचा एक्स-रे मागून पाहिला. मग टेबलावर बसवलं, डोकं उजवीकडे वळवलं आणि पटकन मागे झोपवलं, डोकं टेबलाच्या काठाखाली. चक्कर आली. डोळे आपोआप झटके देत फिरत होते. नवऱ्याने नंतर सांगितलं की ते बघून तोच घाबरला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “सापडले. डोळे उघडे ठेवा.” चक्कर थांबल्यावर डोकं हळूच डावीकडे, थांबायचं, मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, थांबायचं, मग उठून बसायचं. खडे नळीतून घरंगळत पुन्हा जागच्या दालनात. एप्ली नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी शोधलेली ही युक्ती. पंधरा मिनिटं, ८०० रुपये, एकही गोळी नाही. आठवड्याने पुन्हा एकदा केली आणि चक्कर जवळपास गेली. मान दुखावलेली असेल तर हे व्हिडिओ बघून घरी करू नका. माझे खांदे धरायला एक मदतनीस होती आणि ती लागली.

नुकसानभरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्या नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात. कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीत अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. आम्ही २३ जूनला दाखल केला, म्हणजे काठावर. दावा पिकअपचा चालक, मालक आणि त्या गाडीची विमा कंपनी अशा तिघांवर असतो. पैसे विमा कंपनी देते. समोरच्या गाडीचा विमा चालू आहे का हे नंबर टाकून एमपरिवहन ॲपवर दिसतं. अपघाताच्या दिवशीच बघून ठेवा. तो संपलेला असला तर सगळा खेळ बदलतो.

वकीलबाईंनी पहिल्या भेटीत मूळ बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, एमएलसी, एफआयआर, पंचनामा, आधार, बँक पासबुक आणि उत्पन्नाचा पुरावा मागितला. शेवटचं ऐकून पोटात गोळा आला. शिवणकाम करणाऱ्या बाईचा पगाराचा दाखला कुठला? पण मी चार वर्षं आयकर रिटर्न भरत होते, गृहकर्जासाठी. तो नशिबाचा भाग. आणि ती खोडलेल्या नावांची वही. वकीलबाईंनी पानं उलटून पाहिली आणि म्हणाल्या, “ही फाडू नका हं.” त्यांची फी किती आणि कशी, हे मी आधीच कागदावर घेतलं. तुम्हीही लाजू नका.

विमा कंपनीचा आक्षेप अपेक्षितच होता: तीन दिवस उशिरा एफआयआर, जागेवर “काही झालं नाही” असं चालकाला सांगितलं, चक्कर अपघाताशी संबंधित नाही. धाबेवाल्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोंवर वेळ-तारीख होती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या कागदावर “धक्क्यानंतर” हा शब्द होता. तो मी त्यांना विचारून लिहून घेतला होता. तारखांना मी चार वेळा गेले. दोन वेळा काहीच झालं नाही, पुढची तारीख. बाकावर बसून हेम घालायचे तुकडे सोबत नेत असे.

१३ डिसेंबरच्या राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड झाली. मागितले होते दोन लाख, ठरले ८२,०००. दवाखान्याचा खर्चच २४,४५० होता. वकीलबाई म्हणाल्या, लढलात तर जास्त मिळतीलही, पण किती वर्षं ते सांगत नाही. आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, हे नीट समजून सही करा. मी एक रात्र मागितली, मिळाली नाही, दुपारपर्यंतचा वेळ मिळाला. कॉरिडॉरमध्ये चहा घेऊन सही केली. रक्कम आधी न्यायालयात जमा झाली, मग रद्द केलेला चेक आणि आधार देऊन २७ जानेवारीला खात्यात आली.

पिकअपवाला पोरगा लोकअदालतीच्या दिवशी आला होता. मालकाने त्याला काढलं नव्हतं. मला बघून त्याने विचारलं, “ताई, मान?” मी त्याला मान वळवून दाखवली. डावीकडे पूर्ण, उजवीकडे थोडी कमी.

फौजदारी केस वेगळी चालते, ती अजून चालू आहे. साक्षीचं समन्स आलंय. जाऊन आले की तिथे काय विचारतात तेही लिहीन.